थेट एल्ब्रुसवर जाऊन स्की माउंटेनिअरिंग शिकावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३१, राहायला कोथरूडला, दर शनिवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड, मनालीच्या संस्थेतून बेसिक कोर्स चांगल्या ग्रेडने झालेला. स्की मात्र आयुष्यात कधी पायाला लावलेली नाही. रशियातल्या कॉकेशस पर्वतरांगेतल्या एल्ब्रुसच्या दहा दिवसांच्या मोहिमेची जाहिरात पाहिली, तीत लिहिलंय की स्की माउंटेनिअरिंगची, म्हणजे स्की लावून डोंगर चढण्याची आणि स्कीवरूनच उतरण्याची, मूलभूत कौशल्यं मोहिमेतच शिकवू, आधीच्या अनुभवाची गरज नाही. ट्रेकिंग ग्रुपमधले दोन मित्रही यायला तयार आहेत. पैसे भरावेत का?

नका भरू. निदान यंदा तरी नको.

एल्ब्रुसमध्ये खोट आहे म्हणून नाही. ५,६४२ मीटर उंचीचा आणि स्कीला इतका सरळ उतार असलेला डोंगर जगात फार ठिकाणी मिळत नाही. दक्षिण बाजूने केबल कार ३,८०० मीटरच्या वर नेऊन सोडते, आणि एप्रिल-मेमध्ये तिथे स्की घेऊन चढणाऱ्यांची बऱ्यापैकी वर्दळ असते. अडचण हिशोबाची आहे. दहापैकी चार-पाच दिवस विरळ हवेची सवय करण्यात जातात, एखाद-दोन वाऱ्यामुळे खोलीत बसून, एक शिखराचा, एक येण्याजाण्याचा. उरलेल्या एक ते तीन दिवसांत तुम्ही स्कीवरून चढायला शिकाल, कारण ते खरोखरच तेवढ्यात येतं. उतरायला शिकणार नाही, कारण ते तेवढ्यात कोणालाच येत नाही. आणि एल्ब्रुसवर पास्तुखोव्ह खडकांच्या वर, म्हणजे साधारण ४,७०० मीटरपासून, वाऱ्याने घासून काढलेला कडक, निळसर बर्फ बऱ्याचदा लागतो. तिथे घसरलेला माणूस आपोआप थांबत नाही, आणि वाट सोडून खाली गेलं की हिमभेगांचा भाग सुरू होतो. तुमचा गाइड शहाणा असेल तर तिथे तुमच्या स्की काढून पाठीला बांधायला लावेल आणि क्रॅम्पॉनवर (बुटाखाली बांधायच्या काट्यांवर) वर नेऊन क्रॅम्पॉनवरच खाली आणेल. फोटो झकास येतील. स्की माउंटेनिअरिंग मात्र शिकून होणार नाही.

आता मूळ मुद्दा. पुण्यातून या खेळाकडे येणारी बहुतेक मंडळी तुमच्यासारखीच असतात. दम भरपूर, पाय मजबूत, दोर आणि आईस ॲक्सची ओळख झालेली, डोंगराची भीती गेलेली. या शिदोरीचं कौतुकच आहे, पण स्कीच्या बाबतीत तीच घात करते. नवखा युरोपीय माणूस स्की उत्तम करतो आणि चढताना दमतो, त्यामुळे तो मुळात अवघड जागी पोचतच नाही. आपलं उलटं. आपण सहज हजार मीटर चढून जातो आणि वर पोचल्यावर लक्षात येतं की खाली जाणारा उतार आपल्या आवाक्यातला नाही. म्हणून कुठे जायचं हे ठरवताना आपण किती चढू शकतो हे विचारायचंच नाही. दमलेल्या पायांनी, पाठीवर दहा किलोची सॅक घेऊन, वाईट बर्फावरून न पडता किती उतरू शकतो, एवढंच विचारायचं. तुमचं याचं उत्तर आज शून्य आहे.

वाईट बर्फ म्हणजे काय, हे स्की रिसॉर्टमध्ये यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर कळत नाही. डोंगरात एकाच उतारावर वर वाऱ्याने कडक केलेली पाठ, मध्ये वरून घट्ट दिसणारा पण वजन पडताच फुटणारा पापुद्रा, आणि खाली उन्हाने भिजून जड झालेला रगडा असं तिन्ही भेटतं. त्यातला फुटका पापुद्रा सगळ्यात त्रासदायक. स्की आत शिरते, वळवायला गेलं की टोक अडकतं आणि तुम्ही पुढे फेकले जाता. मऊ बर्फात चार हजार मीटरवर पडून उठणं म्हणजे काय ते एकदा करून बघा. पोल टेकवावा तर तो मुठीपर्यंत आत जातो, वरची स्की खालच्या स्कीवर चढलेली असते, सॅक खाली ओढत असते, आणि उभं राहीपर्यंत श्वास इतका वर लागतो की दोन मिनिटं नुसतं पोलवर वाकून राहावं लागतं. असं दहा वेळा पडलात की दिवस संपला. मग अंधार, थंडी आणि चुकीचे निर्णय एका रांगेत येतात.

त्यामुळे पहिला हिवाळा फक्त स्कीचा. आपल्याकडे त्यासाठी ठिकाणं मोजकीच आहेत. मनालीची संस्था, जिथे तुमचा बेसिक झाला तीच, हिवाळ्यात सोलंगला स्कीचे कोर्स घेते. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि माउंटेनिअरिंगची संस्था आहे. औलीला गढवाल मंडल विकास निगमचे छोटे कोर्स असतात. औलीचा उतार नवशिक्यांना फार छान, समोर नंदादेवी, पण बर्फाचा भरवसा नाही, आणि २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचल्यापासून तिथे रोपवे चालू आहे की बंद, हे निघण्याआधी फोन करून विचारलेलं बरं. एकाच ठिकाणी जायचं असेल तर मी गुलमर्ग सांगेन. बर्फ जास्त, मोसम लांब, आणि तुम्ही सुधारलात तर पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी शिकायला बरंच शिल्लक राहतं.

सरकारी कोर्सबद्दल तक्रारी ऐकाल: साहित्य जुनं, तुकडी मोठी, शिट्टी वाजली की रांगेत उभं राहायचं. तक्रारी खऱ्या आहेत, तरी कोर्स करा. तुम्हाला तिथून निघताना नांगरासारखी टोकं जुळवून थांबणं, तिरपं जाणं आणि वळायला सुरुवात करणं एवढं येत असेल तर पैसे वसूल. फक्त कोर्स संपला की दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसू नका. आठवडाभर आणखी राहा, स्थानिक प्रशिक्षक एकट्यासाठी घ्या, आणि सकाळपासून लिफ्ट बंद होईपर्यंत उतरत राहा. स्कीमध्ये सुधारणा होते ती उतरलेल्या एकूण मीटरांवर, आणि स्वतःच्या पायाने चढून दिवसाला जेवढं उतरता येतं त्याच्या कितीतरी पट लिफ्टने मिळतं. आपल्या ट्रेकर मंडळींना लिफ्ट म्हणजे फसवणूक वाटते. हा बाणेदारपणा पहिल्या वर्षी घरी ठेवा.

गुलमर्गला गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडूरीपर्यंत जातो, दुसरा अफरवतच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरला. दुसऱ्या टप्प्यावरून उतरायचा मोह तिसऱ्याच दिवशी होईल, कारण हॉटेलात सगळे त्याच्याच गप्पा मारत असतात. पहिल्या वर्षी नको. वरच्या स्टेशनातून बाहेर पडून दोन-तीनशे पावलं चाललं की तुम्ही खऱ्याखुऱ्या हिमस्खलनाच्या प्रदेशात असता.

पुण्यात राहून काय करता येईल? बरंच. सिंहगड चालू ठेवा, पण भर उतरण्यावर द्या. चढताना पाण्याचे कॅन सॅकमध्ये घ्या आणि वर ओतून न देता तेच वजन घेऊन सावकाश उतरा, गुडघे वाकलेले, प्रत्येक पावलाला मांडीने वजन पेललेलं. स्कीमध्ये मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, आणि धापा टाकत वेगाने चढण्याने ती ताकद येत नाही. दर दोन आठवड्यांनी कात्रज ते सिंहगड करणाऱ्याच्या मांड्यासुद्धा स्कीवर पहिल्या तासात थरथरताना मी पाहिल्या आहेत. जमत असेल तर इनलाइन स्केट्स घ्या. गुडघा आणि घोटा आत झुकवून कडेवर वजन टाकणं, नजर वळणाच्या पुढे ठेवणं, या सवयी थेट उपयोगी पडतात. रिंकवर तुमच्या आजूबाजूला सगळी सात वर्षांची पोरं असतील, तेवढं सोसा.

दुसऱ्या हिवाळ्यात स्किन आणि बाइंडिंग. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी कळ. टूरिंगच्या, म्हणजे स्कीवरूनच चढण्या-उतरण्याच्या, बाइंडिंगमध्ये बुटाचं टोक दोन पिनांत अडकतं आणि टाच मोकळी राहते. उतरताना टाचही जखडायची. स्किन म्हणजे स्कीच्या तळाला चिकटवायची लव असलेली पट्टी. लव पुढे सरकू देते, मागे घसरू देत नाही. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असायची, आता मोहेर (अंगोरा शेळीची लोकर) किंवा नायलॉनची. नवखा माणूस पाऊल उचलून टाकतो आणि तासाभरात थकतो. स्की उचलायचीच नाही, बर्फावरून सरकवायची, वजन टाचेखाली ठेवायचं. चढ वाढला की आपण सवयीने पुढे वाकतो, टोकाकडे वजन जातं आणि स्किन सुटते. घसरायला लागलात तर ताठ उभे राहा, पकड परत येते. टाचेखाली उंचवटा लावायची सोय बाइंडिंगमध्ये असते. ती आहे म्हणून सरळ नाकासमोर चढत जाऊ नका. नागमोडी चढलात तर संध्याकाळी पायात जीव उरतो.

नागमोडी वाटेच्या कोपऱ्यावर किक टर्न लागतो, आणि सगळ्यांची गाडी तिथेच अडते. दोन्ही स्की उताराला आडव्या, जवळपास सपाट. पाय आपटून जागा पक्की करायची. दोन्ही पोल लांब टेकवायचे. वरची स्की उचलून नव्या दिशेला वळवून ठेवायची, आणि मग, इथेच घाई होते, तिच्यावर पूर्ण वजन टाकायचं. पूर्ण म्हणजे पूर्ण. आता खालच्या पायाची टाच मागे झटकायची. शेपूट खाली जाते, टोक वर येतं, आणि त्याच क्षणी ती फिरवून पहिलीच्या शेजारी आणायची. टाच झटकली नाही तर स्कीचं टोक पोटरीच्या मागे अडकतं आणि माणूस दोन दिशांना तोंड केलेल्या पायांनी उभा राहतो. हे हिरवळीवर किंवा गच्चीत सतरंजी टाकून शिकता येतं. शेजारी विचारतील, सांगा काहीतरी.

बाइंडिंगची एक गोष्ट कोर्समध्ये घाईत सांगितली जाते म्हणून इथे लिहितो. पिना ज्या दोन खाचांत बसतात त्यांत, आणि पुढच्या स्प्रिंगच्या खाली, बर्फ दाटतो. वरून सगळं बसल्यासारखं दिसतं, पण पिन अर्धीच गेलेली असते आणि पहिल्याच वळणाला स्की निघून जाते. म्हणून चढवण्याआधी पोलच्या टोकाने खाचा साफ करायच्या, टोक बसवल्यावर पाय हवेत चार-पाच वेळा मागेपुढे झुलवायचा, मगच टाच दाबायची. चढताना पुढची कडी वर ओढून पक्की केलेली असते, ती उतरण्याआधी खाली करायला विसरू नका. पक्की राहिली तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. स्किन काढण्याचं आणि बाइंडिंगचं हे सगळं काम उतारावर, वाऱ्यात, ग्लव्ह्ज घालून करायचं असतं. एका स्कीचं काम चालू असताना दुसरी बर्फात आडवी रोवून ठेवायची. हातातून सुटलेली स्की दरीत गेली तर कमरेइतक्या बर्फातून चालत परत यायचं.

पुणेकरांसाठी एक पुरवणी. स्किनचा गोंद उन्हाळ्यात माळ्यावर ठेवलात तर मे महिन्यात तो चिकाट होऊन लवेला लागतो आणि पट्टी गेली. जाळीवर लावून, पिशवीत घालून, घरातल्या सगळ्यात थंड कपाटात ठेवा.

आता हिमस्खलन. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सह्याद्री आपल्याला याची काहीच तयारी देत नाही, उलट चुकीच्या सवयी लावतो. आपल्याकडे मळलेली वाट म्हणजे खात्रीची वाट. काल चार माणसं गेली, म्हणजे आज आपणही जाऊ. बर्फाच्या उतारावर काल चार माणसं गेली यावरून एवढंच कळतं की काल चार माणसं गेली. पाचव्याच्या वजनाने उतार सुटू शकतो. हिमस्खलनात सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत तो उतार त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्याने सोडवलेला असतो. वरून आपोआप कोसळतं आणि आपण बिचारे खाली सापडतो, हे चित्र बरंचसं खोटं आहे.

यंत्रणा अशी. बर्फ थराथराने पडतो. एखादा थर कमकुवत असतो, त्याच्यावर वाऱ्याने आणलेला किंवा नव्याने पडलेला घट्ट थर बसतो. माणसाचं वजन कमकुवत थरापर्यंत पोचलं की तो तुटतो, ती तूट आडवी पसरते आणि वरची अख्खी लादी एकदम सरकते. लडाखसारख्या कोरड्या थंडीत, पातळ बर्फाच्या तळाशी रव्यासारखे सुटे दाणे तयार होतात, आणि असा तळ आठवडेच्या आठवडे धोकादायक राहतो. गुलमर्गला पश्चिमी चक्रावात आला की एका दमात भरपूर बर्फ पडतो. तिथे वादळानंतरचे पहिले दिवस सगळ्यात वाईट, आणि नेमके तेच दिवस स्कीवाल्यांना सगळ्यात हवेहवेसे. वाऱ्याच्या आडोशाची बाजू नेहमी जास्त संशयास्पद, कारण वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला रचतो. आकाश निरभ्र असतानाही हे चालू राहतं.

उताराचा कोन ही एकच गोष्ट नवख्याला नक्की मोजता येते. लादीचं हिमस्खलन मुख्यतः ३० ते ४५ अंशांमध्ये होतं, त्यातही अडतीसच्या आसपास सर्वाधिक. दुर्दैवाने स्की करायला मजा येणारे उतारही हेच. फोनमध्ये कोन मोजायची ॲप असतात, छोटी उपकरणंही मिळतात. पोल उतारावर आडवा ठेवून त्यावर फोन ठेवायचा, आकडा वाचायचा. पहिली दोन वर्षं पंचवीसच्या आत राहा. आणि फक्त पायाखालचा उतार मोजून भागत नाही. तुम्ही वीस अंशांच्या सपाटीवरून चालत असाल आणि डोक्यावर चाळीस अंशांची भिंत असेल, तर तुम्ही त्या भिंतीखालीच आहात.

आपल्याकडे युरोपासारखा दरीदरीचा रोजचा तपशीलवार अंदाज मिळत नाही. चंदीगडची डीआरडीओची संस्था, पूर्वी जिला सासे म्हणत आणि आता डीजीआरई, हिमस्खलनाचे इशारे देते. ते मोठ्या प्रदेशासाठी असतात. तुमच्या उताराबद्दल ते काही बोलत नाहीत. गुलमर्गला गोंडोलाच्या परिसरात स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवरचं गस्ती पथक, आहे, त्यांचं सकाळचं म्हणणं ऐकायचं आणि फाटक बंद असेल तर वाद घालायचा नाही. त्याच गुलमर्गात खिलनमर्गला ८ फेब्रुवारी २०१० रोजी लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान हिमस्खलनात गेले. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का दांडा शिखरावर उत्तरकाशीच्या संस्थेच्या प्रगत कोर्सची तुकडी सापडली आणि २९ जणांना आपण मुकलो. ती तुकडी स्कीवर नव्हती. सांगायचा हेतू इतकाच की प्रशिक्षक अनुभवी आहे, संस्था मोठी आहे, म्हणून उतार तुम्हाला ओळख दाखवत नाही.

गाडलं गेलं तर काय? पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक वाचतात, त्यानंतर शक्यता वेगाने कोसळते. हेलिकॉप्टर, पोलिस, लष्कर यांतलं कोणीही इतक्या वेळात येत नाही. येतात ते सोबतचे मित्र, आणि तेही त्यांच्या अंगावर ट्रान्सीव्हर, सॅकमध्ये प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब घडीची काठी) आणि धातूचं फावडं असेल तरच. तिन्ही प्रत्येकाकडे हवं. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल पाठवतो आणि शोधतानाही तोच वापरायचा. हा सराव करायला बर्फ लागत नाही. तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर मोकळी जागा बघा, चालू ट्रान्सीव्हर डब्यात घालून पालापाचोळ्याखाली लपवा आणि मित्राला घड्याळ लावून शोधायला लावा. पहिल्यांदा सगळे पडद्यावरच्या आकड्याच्या, म्हणजे मीटरमधल्या अंतराच्या, मागे पळतात. बाणाच्या दिशेने वेगात जायचं, आकडा तीनच्या खाली आला की यंत्र जमिनीलगत आणून मुंगीच्या गतीने हलवायचं, सगळ्यात लहान आकडा मिळाला तिथे प्रोब सुरू करायची, पंचवीस सेंटिमीटर अंतराने बाहेर फिरत. मोबाइल आणि स्मार्टवॉच सिग्नलमध्ये लुडबूड करतात. चालताना ते ट्रान्सीव्हरपासून निदान वीस सेंटिमीटर, शोधताना पन्नास सेंटिमीटर लांब हवेत. छातीवरच्या खिशात फोन ठेवायची सवय असेल तर आत्ताच सोडा.

सरावात जे सुटतं ते खणणं. शोधापेक्षा खणायला जास्त वेळ लागतो. हिमस्खलनाचा बर्फ थांबला की क्षणात घट्ट बसतो, हातांनी उकरता येत नाही. प्रोब लागली तिथे उभं राहून सरळ खाली खणायचं नाही, कारण गाडलेल्याच्या वरची हवेची पोकळी तुम्हीच बुजवता. थोडं खालच्या बाजूला सरकून उतारात आडवं आत शिरायचं, आणि दर मिनिटाला फावडेवाला बदलायचा. पावसाळ्यात एखाद्या ओल्या मातीच्या ढिगावर दहा मिनिटं खणून बघा, मग कळेल का बदलायचा.

हिमनदीवरचं दोराचं काम तुम्हाला येतं, म्हणून आवरतं घेतो. स्कीमुळे वजन पसरतं, त्यामुळे हिमभेगेवरच्या पुलावर चालण्यापेक्षा स्कीवर असणं बरं. चढताना दोर बांधायचा. उतरताना बहुतेक वेळा बांधत नाहीत, कारण दोराने बांधलेले दोन नवखे स्कीवर एकमेकांना पाडण्यापलीकडे फारसं करत नाहीत. हार्नेस मात्र पूर्ण वेळ अंगावर. कडक उतारावर आईस ॲक्सने स्वतःला थांबवणं तुम्ही शिकलात ते स्की नसताना. स्की पायात असताना पडलात तर आधी दोन्ही स्की खालच्या बाजूला, उताराला आडव्या आणायच्या आणि कडा रुतवायच्या. चढ कडक होऊन स्किन धरेनाशी झाली की लगेच स्की क्रॅम्पॉन लावायचे, आणि ते लावायची जागा घसरायला लागण्याआधीची. सगळ्यांना उशीर होतो, कारण थांबायचा कंटाळा.

साहित्यात पहिला खर्च बुटांचा. स्की भाड्याने घ्या, बूट स्वतःचे घ्या. बुटाचं आतलं अस्तर काढून अनवाणी पाय कवचात घाला, बोटं पुढे टेकवा, टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर जागा राहिली तर माप बरोबर. ट्रेकिंगच्या बुटासारखी ऐसपैस जागा ठेवलीत तर स्की तुमचं ऐकणार नाही. हे घालून बघायची सोय पुण्यात नाही, म्हणून ऑनलाइन मागवण्याआधी गुलमर्गला भाड्याच्या चार जोड्या घालून आपला आकार ओळखा. तिथे भाड्याने मिळतं ते मुख्यतः लिफ्टवरच्या स्कीचं साहित्य. टूरिंगचं मोजक्या दुकानांत, आधी सांगून ठेवावं लागतं. झेलम एक्स्प्रेसने जाणार असाल तर स्कीची पिशवी खालच्या बर्थखाली तिरपी सरकवावी लागते, तेव्हा तिकीट काढताना खालचा बर्थ मागा. जुना ट्रान्सीव्हर कोणी स्वस्तात देत असेल तर नको. तीन अँटेनांचा डिजिटलच घ्या.

तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी, मार्च-एप्रिलमध्ये, खरे दौरे सुरू करा. मनालीच्या वरचे सोलंगकडचे उतार आहेत. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून लाहौलही हिवाळ्यात गाठता येतो, पण तिथल्या दऱ्या हिमस्खलनाच्या आहेत, स्थानिक जाणत्याशिवाय नको. बाहेर जायचं तर किर्गिझस्तानातलं काराकोल किंवा जॉर्जियातलं गुदौरी ही एल्ब्रुसच्या आधीची चांगली पायरी आहे: लिफ्ट आहे, लिफ्टच्या बाहेर टूरिंग आहे, उंची डोकं दुखवणारी नाही. त्यानंतर एल्ब्रुस. तोवर २०२६ च्या ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाल्यामुळे गाजावाजा वाढलेला असेल आणि 'अनुभव नको'वाल्या जाहिरातीही. कंपनीला तीन गोष्टी विचारा. एका गाइडमागे किती जण? परत फिरायची वेळ आधी ठरते का, आणि कोण ठरवतं? माझं स्कीइंग तुम्ही मोहिमेआधी कुठे बघणार? तिसऱ्यावर अडखळले तर दुसरी कंपनी.

दोन मित्र सोबत आहेत ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात चांगली बातमी, कारण एकट्याच्या अंगावरचा ट्रान्सीव्हर काही कामाचा नाही. तिघांनी एकाच कोर्सला नाव घाला. हिवाळ्याच्या तुकड्या लवकर भरतात, तेव्हा गणपतीच्या आसपास संस्थांच्या संकेतस्थळावर तारखा बघायला लागा आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र आधीच करून ठेवा. एल्ब्रुससाठी बाजूला काढलेल्या पैशांतून तीन ट्रान्सीव्हर, तीन प्रोब आणि तीन फावडी घ्या. ती दिवाळीच्या आत आली तर पावसाने मोकळ्या केलेल्या टेकडीवर सराव सुरू करता येईल.